पंप मारून लागणारा ब्रेक

मार्च-एप्रिलमध्ये हळद शिजून वाळली की हिंगोली आणि वसमतच्या बाजार समित्यांकडे पोत्यांनी भरलेल्या गाड्यांची रीघ लागते. १९८६ साली बाजारात आलेल्या टाटा ४०७च्या जुन्या गाड्याही त्यांत असतात. अशा गाडीचा चालक कधी कधी सहज सांगतो, “ब्रेक लागतो, पण दोनदा पंप मारावा लागतो.” हे ऐकून पोटात गोळा यायला हवा. भरल्या गाडीला दुसऱ्यांदा पाय मारायला प्रत्येक वेळी सवड मिळेलच असं नाही.

मोठ्या ट्रकचे एअर ब्रेक वेगळे. या हलक्या ट्रकमध्ये पायाचा जोर चाकापर्यंत नेतं ते ब्रेक ऑइल. बंद नळीतल्या द्रवावरचा दाब सगळीकडे सारखा पोचतो, हा पास्कलचा नियम इथे काम करतो. वातावरणाच्या शंभरपट दाबाखाली द्रव जेमतेम अर्धा टक्का आकसतो. हवा मात्र शंभराव्या हिश्शावर येते. पॅडलच्या जोराने ऑइल ढकलणाऱ्या मास्टर सिलिंडरचा पिस्टन २५ मिलिमीटर व्यासाचा आणि पॅडलची तरफ पाचपट धरा. लाइनमध्ये फक्त १ घन सेंटिमीटर हवा असली, तरी पिस्टनची २ मिलिमीटर आणि पॅडलची जवळपास १ सेंटिमीटर चाल ती हवा दाबण्यातच जाते.

म्हणून मेकॅनिक हवा काढतो. एकजण पॅडल दाबून धरतो, दुसरा चाकाजवळचं निपल सैल करून ऑइलसकट बुडबुडे बाटलीत सोडतो आणि पाय उचलण्याआधी निपल आवळतो. नाहीतर हवा परत आत ओढली जाते. बाटलीत जमलेलं ऑइल टाकीत पुन्हा ओतणं ही काटकसर नाही, बुडबुडे आणि ओलावा परत आत घालणं आहे.

पण हवा आली कुठून? ब्रेक ऑइल इंजिन ऑइलसारखं जळत नाही. ब्रेकचे लायनर झिजले की टाकीतली पातळी थोडी उतरते, तेवढं ठीक. त्याहून जास्त उतरली तर ते कुठेतरी गळतंय. ड्रम काढून व्हील सिलिंडरचं रबर उचलून पाहावं, आत ओल दिसली की किट बदलावं. नुसती टाकी भरून गाडी सोडून देऊ नये. पॅडल दाबून धरल्यावर हळूहळू खाली जात असेल आणि बाहेर कुठेही गळती नसेल, तर संशय मास्टर सिलिंडरच्या वॉशरवर घ्यावा. आणि लाइनमध्ये हवा अजिबात नसतानाही पहिला पाय खोल जात असेल, तर ब्रेक शू ड्रमपासून लांब गेलेत, ते ॲडजस्ट करावे लागतात.

सगळ्यांत फसवं कारण पाण्याचं. हे ऑइल हवेतला ओलावा शोषतं. नवं डॉट ३ ऑइल किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही; त्यात ३.७ टक्के पाणी मुरलं की ही मर्यादा १४० अंशांपर्यंत उतरू शकते. लांब उतारावर ड्रम तापले की ऑइल उकळतं, वाफ होते आणि पॅडल एकदम पोकळ लागतं. गॅरेजवर पोचेपर्यंत सगळं थंड होऊन वाफेचा पुन्हा द्रव झालेला असतो, पॅडल कडक असतं आणि दोष सापडत नाही. अशा वेळी चालकाचं म्हणणं खरं धरून सगळं ऑइल बदलावं. दर दोन वर्षांनी, हळदीचा हंगाम सुरू होण्याआधी ते बदलून टाकलेलं बरं. काम झाल्यावर आधी रिकामी गाडी सपाट रस्त्यावर हळू चालवून ब्रेक तपासावा, मगच पोती चढवावीत.