आईवडिलांचा हप्ता, मुलाची वजावट

वर्षअखेर जवळ आली की वाळूज, शेंद्र्याच्या कंपन्यांत पुरावे जमा करण्याची घाई उडते. आरोग्य विम्याची पावती शोधण्याआधी करप्रणाली कोणती निवडली ते पाहा. कलम ८० डीची वजावट जुन्या प्रणालीतच मिळते आणि २०२३-२४ पासून काहीच न निवडल्यास नवी लागू होते.

जुनीत असाल, तर स्वतः, जोडीदार आणि अवलंबून मुलांच्या हप्त्यापोटी करपात्र उत्पन्नातून २५,००० रुपयांपर्यंत वजा होतात. आईवडिलांसाठी आणखी २५,०००. त्यांनी साठी गाठली असेल तर ५०,०००. ते पैठणला शेती करोत की पेन्शन घेवोत, तुमच्यावर अवलंबून असण्याची अट नाही. सासूसासरे मात्र यात बसत नाहीत, हे काही पटत नाही! साठीपुढच्या आईवडिलांचा विमाच नसेल, तर औषधोपचाराचा खर्चही त्याच मर्यादेत धरता येतो.

हप्ता रोखीने भरला की वजावट गेली. रोख चालते ती फक्त प्रतिबंधात्मक तपासणीला, मर्यादेच्या आतच ५,००० रुपयांपर्यंत. गटविम्याचा कंपनीने भरलेला हप्ता तुमचा नव्हे. आईवडिलांसाठी तुमच्या पगारातून कापलेला मात्र तुमचाच. पगारपत्रकात ती कपात आहे का, ते आजच तपासा.