खलाशी गेला, स्टॅम्प पेपर झाला, आणि मग नोटीस आली



बंदीचे दिवस आहेत. 1 जून ते 31 जुलै बोटी जेटीला, जाळी दुरुस्तीला, आणि आपण जरा घरात. म्हटलं, हंगामात कोणी वाचणार नाही ते आताच लिहावं. विषय आहे वकिलाचा. जमिनीच्या किंवा घरवाटणीच्या नाही, कामगार कायद्याच्या वकिलाचा. तो आपल्याला लागतो हे मला फार उशिरा कळलं.

2021 च्या ऑक्टोबरात माझ्या ट्रॉलरवरचा एक खलाशी जाळं ओढताना विंचच्या दोरात सापडून पाण्यात पडला. वय 30, गाव झारखंडात. तासाभराने हाती लागला, पण जीव नव्हता. किनारी पोलिसांत नोंद, पंचनामा, शवविच्छेदन सगळं झालं. मी माझ्या खर्चाने त्याला गावी पोचवलं. त्याचा मोठा भाऊ आला होता, त्याच्या हातात तीन लाख रुपये दिले. जेटीवरच्याच एका जाणत्याने स्टॅम्प पेपर करून दिला: 'आमची कसलीही तक्रार नाही, पुढे काही मागणार नाही.' भावाने सही केली, आम्ही दोघेही रडलो. मला वाटलं, माणुसकीने वागलो, विषय संपला.

आठ महिन्यांनी त्याच्या जिल्ह्यातून नोटीस आली. त्याच्या बायकोने नुकसानभरपाईचा दावा लावला होता.

खरं सांगतो, पहिल्यांदा राग आला. पैसे घेतले, सही केली, आणि आता हे? त्या रागातच ओळखीच्या वकिलाकडे गेलो. माणूस चांगला, आमच्या घराचं म्युटेशन त्यानेच केलेलं. तो म्हणाला, "भिऊ नका. घटना गोव्याच्या समुद्रात, केस झारखंडात कशी चालेल? शिवाय तुमच्याकडे स्टॅम्प पेपर आहे, आणि तो वाट्यावर काम करायचा, म्हणजे नोकर नव्हेच." ऐकून बरं वाटलं. वर्षभर मी निवांत राहिलो. तिकडे तारखा पडत होत्या आणि आमच्या बाजूने कोणीही उभं नव्हतं.

वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी करणाऱ्या माझ्या भाच्याने शेवटी हाताला धरून एका वकीलबाईंकडे नेलं. बाईंची वीसेक वर्षं कामगारांच्याच केसेसमध्ये गेलेली. त्यांनी स्टॅम्प पेपर वाचला आणि बाजूला ठेवून दिला. म्हणाल्या, "पात्रांव, हा कागद फाडलात तरी चालेल."

तिन्ही गोष्टी चुकीच्या निघाल्या. 1923 च्या भरपाई कायद्यात कलम 17 आहे. कामगाराने भरपाईचा हक्क सोडला असा करार केला, तरी तो रद्दबातल. कलम 21 प्रमाणे घरच्यांना ते राहतात त्या जिल्ह्यातल्या आयुक्तांकडे दावा लावता येतो. मग अपघात चापोऱ्याच्या तोंडावर होवो की मालिमच्या जेटीवर. आपल्याकडे खलाशी झारखंड, ओडिशा, छत्तीसगड, कर्नाटकातून येतात, तेव्हा नोटीस तिथूनच येणार हे धरून चाला. वाट्याचं म्हणाल तर, माणसाला कामावर कोणी ठेवलं, हुकूम कोणाचा, तोटा कोणाच्या अंगावर, हे बघितलं जातं. माझा खलाशी 12,000 पगार आणि वर वाटा घ्यायचा. वाट्यामुळे तो भागीदार होत नाही, उलट तो वाटा पगारात धरला जातो. 'तो तर हंगामी होता' हेही चालत नाही. 2000 सालच्या दुरुस्तीने ती पळवाट गेली.

आणि माझे तीन लाख? हे ऐकून मी खुर्चीतच बसून राहिलो. मृत्यूची भरपाई मालकाने थेट घरच्यांच्या हातात देऊन चालत नाही. ती आयुक्तांकडे जमा करायची आणि वाटप त्यांनी करायचं, असं कलम 8 म्हणतं. हातात दिलेलं कायद्याच्या हिशेबी भरपाई नव्हेच. तीन महिन्यांच्या पगाराएवढी आगाऊ रक्कम तेवढी वजा होते. यामागचं कारणही बाईंनीच सांगितलं. पैसे भावाच्या, सासऱ्याच्या हातात गेले की बायकोपर्यंत किती पोचतात कोण जाणे. माझ्या बाबतीत तेच झालं होतं. त्या बाईला आणि दोन पोरांना त्या तीन लाखांतलं फारसं काही मिळालं नव्हतं. दावा तिने माझ्यावर खार खाऊन लावला नव्हता. माझा राग तिथे उतरला.

मग बाईंनी कागदावर हिशेब मांडला. तो प्रत्येक मालकाने आणि प्रत्येक खलाशाच्या घरच्यांनी एकदा बघून ठेवावा. मृत्यू झाल्यास महिन्याच्या पगाराचे 50 टक्के, गुणिले वयानुसार ठरलेला आकडा. पगार कितीही असो, 3 जानेवारी 2020 पासून हिशेबाला जास्तीत जास्त 15,000 धरतात. तिशीतल्या माणसाचा आकडा 207.98. म्हणजे 7,500 गुणिले 207.98, झाले 15,59,850 रुपये. चाळिशीच्या माणसाचा आकडा 184.17, त्याचे 13,81,275. कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर 50 च्या जागी 60 टक्के.

महिन्याच्या आत पैसे भरले नाहीत तर वर्षाला 12 टक्के व्याज. माझ्या केसमध्ये ते महिन्याला सुमारे 15,600 रुपये. बोट बंदीत उभी असली तरी हा मीटर चालूच. विनाकारण उशीर केला असं ठरलं तर वर 50 टक्क्यांपर्यंत दंड. पहिल्या वकिलाकडे मी निवांत घालवलेल्या वर्षाची किंमत काढा.

बाईंनी पहिली गोष्ट केली ती विम्याची पॉलिसी मागण्याची. बोटीच्या पॉलिसीत खलाशांचं कलम होतं, मी ते कधी वाचलं नव्हतं! पहिल्या वकिलाने विमा कंपनीला दाव्यात आणलंच नव्हतं. बाईंनी तिथल्या एका वकिलाला सोबत घेऊन एकतर्फी निकालाच्या आधी हजेरी लावली आणि विमा कंपनीला पक्षकार करायला लावलं. मला मात्र एक कडू सल्ला दिला: "भांडू नका. तो तुमचाच माणूस होता हे कबूल करा आणि जमेल तेवढी रक्कम आत्ताच जमा करा, म्हणजे व्याज थांबेल." 'केस आपण जिंकणारच' म्हणणाऱ्याकडे मी फी देऊन बसलो होतो, 'हरलाय, पण कमीत कमी नुकसानीत बाहेर काढते' म्हणणारी पहिल्यांदा भेटली. शेवटी मूळ रक्कम विमा कंपनीने भरली, व्याज आणि थोडा दंड माझ्या अंगावर आला. दंड सहसा मालकाच्याच माथी बसतो. व्याज विम्यात बसतं की नाही हे पॉलिसीच्या शब्दांवर असतं, ते विमा घेतानाच वाचून घ्या.

तर वकील शोधताना काय विचारायचं? 'भरपाई आयुक्तांपुढे किती दावे चालवले, मालकाकडून किती, कामगाराकडून किती' हे सरळ विचारा. गोव्यात कामगार कायद्याचे वकील बहुतेक कारखान्यांच्या केसेस करतात, बोटीची एखादी तरी केली आहे का तेही विचारा. विमा कंपनीच्या पॅनेलवर आहेत का, हे विसरू नका. असतील तर तुमच्यासाठी त्याच कंपनीविरुद्ध उभे राहतील कसे? आता आणखी एक प्रश्न वाढलाय. 21 नोव्हेंबर 2025 पासून 1923 च्या कायद्याची जागा सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली. तुमचा अपघात जुन्या कायद्यात बसतो की नव्या, हे विचारल्यावर समोरचा गडबडला तर चहा पिऊन उठा.

फीबद्दल. 'मिळतील त्यातले 20 टक्के' अशी बोली कोणी केली तर सावध. निकालावर अवलंबून फी ठरवायला किंवा मिळणाऱ्या रकमेत वाटा घ्यायला बार कौन्सिलच्या नियमांत मनाई आहे. फी आधी ठरवा, पावती घ्या, कोऱ्या कागदावर सही देऊ नका. वकील बदलायचा झाला तर फी बाकी आहे म्हणून फाइल अडवून ठेवता येत नाही, सर्वोच्च न्यायालयाने 2000 साली ते स्पष्ट केलंय. मी हे माहीत नसल्याने दोन महिने हेलपाटे घातले.

आता खलाशांच्या घरच्यांसाठी, कारण हे पेज तेही वाचतात. बाईमाणसाला, तसंच अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला, उत्पन्न कितीही असो, विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. फोन 15100. तिथेही 'भरपाईच्या केसेस केलेला वकील द्या' असं म्हणायला लाजू नका. जुन्या कायद्यात दाव्याला साधारण दोन वर्षांची मुदत, पण जहाजावरच्या माणसांसाठी वेगळी एक वर्षाची अट आहे, म्हणून वर्ष उलटू देऊच नका. हात-पाय गेला असेल तर डॉक्टरांच्या टक्क्यावर विषय संपत नाही. एका सुताराचा डावा हात गेला होता, तो आता सुतारकाम करू शकत नाही म्हणून सर्वोच्च न्यायालयाने 1975 साली त्याचं अपंगत्व पूर्ण धरलं. जाळं ओढणाऱ्याच्या हाताचंही तसंच मांडता येतं, मांडणारा पाहिजे. शरीर सापडलं नाही तर 'सात वर्षं थांबा' सांगणारे भेटतील. सोबतच्या खलाशांचे जबाब, पंचनामा, शोधमोहिमेची नोंद यांवरही मृत्यू सिद्ध करता येतो.

मत्स्यसंपदा योजनेच्या अपघात विम्याचे पाच लाख वेगळे. ते मिळाले म्हणून मालकाची भरपाई सुटत नाही, आणि भरपाई मिळाली म्हणून ते सोडायचे नाहीत.

1 ऑगस्टला बोटी सुटायच्या आत मालकांनी तीन कामं उरकावीत. खलाशांची नावं, वयं, गावचे पत्ते आणि बायकोचा फोन वहीत. पगार शक्यतो बँकेतून. आणि पॉलिसीत जेवढी माणसं लिहिलीत तेवढीच बोटीवर आहेत का, हे मोजणं. माझ्या पॉलिसीत आठ होती, त्या रात्री बोटीवरही आठच होतो. नववा एक पोरगा ताप आला म्हणून जेटीवरच राहिला होता.