वेताची बैठक

सरकारी कचेरीतील खुर्चीचे आयुष्य दोन नोंदींच्या मध्ये सामावलेले असते: जडवस्तू संग्रह नोंदवहीत तिचे नाव चढते ती पहिली, आणि निर्लेखनाचा हुकूम निघून ती लिलावात जाते ती दुसरी. या दुसऱ्या नोंदीनंतर तिचे काय होते ते पाहून यावे, असे संपादकांनी सुचविले, म्हणून जोगेश्वरी पश्चिमेच्या ओशिवरा बाजारात गेलो. मुंबईच्या पेढ्या, बँका आणि कचेऱ्या यांतून निघालेले पुष्कळ लाकूडसामान तेथे नव्याने उभे राहते.

सामान्यतः या व्यापाराचे समर्थन किमतीवरून केले जाते, आणि ते खोटे नाही; तथापि मला अधिक मोलाचा वाटला तो जुन्या वस्तूच्या रचनेतील एक गुण. ती उघडता येते. सागवानी खुर्चीचा पाय कुसू आणि खाच यांनी जोडलेला असतो व सांध्यात सरस भरलेला असतो. हा सरस उष्णतेने व ओलाव्याने मऊ पडतो, त्यामुळे ढिला झालेला सांधा लाकडाला इजा न होता सुटतो, साफ होतो आणि पुन्हा बसविता येतो. वरचे लाखेचे पॉलिश स्पिरिटने विरघळते. सागाच्या अंगच्या तेलामुळे त्याला वाळवी सहसा शिवत नाही, आणि जुने लाकूड पुरते मुरलेले असल्याने ते वाकण्याचे भयही अल्पच. गोदरेजांनी 1923 पासून बनविलेल्या पोलादी कपाटांचेही तसेच: पोचा ठोकून काढावा, गंज घासावा, रंग द्यावा.

परंतु मी सर्वांत अधिक वेळ थांबलो तो वेत विणणाऱ्या एका वयस्क, अंध कारागिराजवळ. अंधशाळांतून वेतकाम शिकविण्याची आणि कचेऱ्यांतील खुर्च्या विणण्याचे काम अंधांकडे सोपविण्याची प्रथा आपल्याकडे जुनी आहे, आणि तिचे कारण त्यांची बोटे पाहताच उमगते. वेताच्या सालीची पट्टी पाण्यात भिजवून मऊ केलेली. तिची गुळगुळीत बाजू वर राहिली पाहिजे, हे ते अंगठ्याने ताडतात. चौकटीच्या भोकांतून प्रथम उभे पदर, मग आडवे, पुन्हा उभे, पुन्हा आडवे, आणि शेवटी दोन्ही दिशांचे तिरपे, असे सहा पदर परस्परांत गुंतत जातात, आणि मध्ये अष्टकोनी छिद्रे उरतात. तिरप्या पदराने एका ठिकाणी वर जाण्याऐवजी खाली मार्ग घेतला, तर पट्टी मागे ओढून तेथपर्यंत उसवावे लागते. “साहेब, ताण आत्ता बघायचा नसतो, सुकल्यावर ती आपोआप ओढून घेते,” ते म्हणाले. दमट हवेत घामाने चिकटणाऱ्या गादीपेक्षा ही वारा खेळणारी बैठक कितीतरी शहाणपणाची आहे.

आता अडचणी. नव्या कार्यालयाला एकाच मापाच्या शंभर खुर्च्या हव्या असतात, आणि बाजारात एका घाटाच्या फारतर सातआठ जमतात. विणकामाला वेळ लागतो, म्हणून गिऱ्हाईक प्लास्टिकची पट्टी मागते. वेतात ढेकूण होतात, ही तक्रारही निराधार नव्हे. लाकूड, स्पिरिट आणि फोम एकत्र असलेल्या या बाजाराने आगीही सोसल्या आहेत.

याहून गंभीर चिंता पुढच्या मालाची आहे. आज कचेऱ्यांतून निघणारी मेजे बहुधा भुसा आणि रासायनिक डिंक दाबून केलेल्या फळ्यांची असतात. त्यांतील स्क्रू एकदा निघाला की त्याच भोकात पूर्वीसारखा धरत नाही, आणि पावसाचे पाणी लागले की कडा फुगतात. फिरत्या खुर्चीचा गॅसचा दांडा बदलता येतो, पण बैठकीखालची यंत्रणा मोडल्यास त्याच घडणीचा सुटा भाग मिळेलच असे नाही. शिवाय लिलावात सागवानी खुर्च्या, मोडके पंखे आणि गंजलेले पत्रे एकाच ढिगात घातले गेले, तर तो ढीग भंगारवाल्याच्या तराजूत जातो आणि शाबूत चौकटीही जळणाच्या भावाने फुटतात. निर्लेखनाच्या यादीत दुरुस्तीयोग्य वस्तूंचा निराळा गट करावा, एवढीच माझी मागणी आहे; मात्र तो पाडण्यासाठी यादी करणाऱ्या कारकुनाच्या शेजारी एखादा सुतार उभा असावा लागेल, आणि त्याचा रोज कोणत्या लेखाशीर्षाखाली टाकावा हा प्रश्न खातेप्रमुखापुढे राहीलच.