विकासदर वाढला, समाज पुढे गेला का?

देशाचा विकासदर अर्ध्या टक्क्याने वर-खाली झाला, की शेअर बाजारापासून संसदेपर्यंत त्याची चर्चा होते. मात्र, हा दर नेमके काय मोजतो, याचा विचार क्वचितच होतो.

देशात वर्षभरात निर्माण झालेल्या अंतिम वस्तू व सेवांचे मूल्य म्हणजे सकल देशांतर्गत उत्पादन, अर्थात जीडीपी. त्यातील वाढ म्हणजे विकासदर. प्रदूषणामुळे आजारी पडलेल्याचे रुग्णालयाचे बिल त्यात जमा होते. घरातील स्त्रीने केलेल्या स्वयंपाकाचे आणि शुश्रूषेचे मोल मात्र होत नाही. राष्ट्रीय उत्पन्नाच्या मापनाचा पाया घालणाऱ्या सायमन कुझनेट्स यांनीच १९३४ मध्ये अमेरिकी काँग्रेसला इशारा दिला होता, की या आकड्यावरून राष्ट्राचे कल्याण ठरवता येणार नाही.

या इशाऱ्याचा प्रत्यय महाराष्ट्रात येतो. साखर कारखाने व दूध संघांमुळे संपन्न झालेल्या कोल्हापूर जिल्ह्यात २००१ च्या जनगणनेनुसार सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे केवळ ८३९ मुली होत्या. जंगलांनी वेढलेल्या, मागास गणल्या जाणाऱ्या गडचिरोलीत त्या ९६६ होत्या. राज्यातील हे प्रमाण १९९१ मध्ये ९४६, २००१ मध्ये ९१३, तर २०११ मध्ये ८९४ झाले. याच काळात राज्याचे उत्पन्न वाढत होते. हाती पैसा आला, सोनोग्राफी परवडू लागली. मुलगाच हवा ही मानसिकता मात्र बदलली नाही.

अर्थात, गडचिरोलीचे दारिद्र्य हे भूषण नव्हे. तेथे बालमृत्यूंचे प्रमाण मोठे होते. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांतील स्त्रियांना नवजात बालकांच्या घरगुती देखभालीचे प्रशिक्षण दिले. या प्रयत्नांमुळे तेथील नवजात मृत्युदर सुमारे ६२ टक्क्यांनी घटल्याचे १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. त्यासाठी जिल्हा श्रीमंत होण्याची वाट पाहावी लागली नाही.

संयुक्त राष्ट्रांनी १९९० मध्ये मानव विकास निर्देशांक आणला. महबूब उल हक यांच्या पुढाकाराने व अमर्त्य सेन यांच्या विचारांच्या आधारे साकारलेल्या या निर्देशांकात उत्पन्नासोबत आयुर्मान आणि शिक्षणही मोजले जाते. तरीही जन्मच नाकारल्या गेलेल्या मुलींची नोंद त्यातही होत नाही.

शाळा व दवाखान्यांसाठी पैसा हवा, म्हणून आर्थिक वाढ आवश्यकच आहे. मात्र, विकासदर समाजाच्या हाती किती साधने आली एवढेच सांगतो. त्या साधनांचे समाजाने काय केले, हे जनगणनेच्या तक्त्यांतूनच कळते.