लढत रविवारची, धोका शुक्रवारचा

लास व्हेगासमध्ये शनिवारची संध्याकाळ असते तेव्हा सोलापुरात रविवारची सकाळ झालेली असते. मिक्स्ड मार्शल आर्ट्स, म्हणजे एमएमएची मोठी लढत असली की होटगी रोडवरच्या किंवा जुळे सोलापुरातल्या जिममध्ये त्या आठवड्यात दुसरा विषय नसतो. कोण कोणाला खाली पाडणार, कोणाची लाथ जड, कोणाचा दम पाचव्या फेरीपर्यंत टिकणार, यावर दोन सेटच्या मधल्या विश्रांतीत वाद रंगतात. रविवारी सकाळी पोह्यांची बशी हातात घेऊन मंडळी टीव्हीसमोर किंवा मोबाइलसमोर बसतात.

या वादात सोलापूरकरांना एक जमेची बाजू आहे. आठ कोनांच्या जाळीदार पिंजऱ्यातला हा खेळ ठोसे, लाथा, पेच आणि गळ्याला घातलेल्या विळख्याचा असला, तरी त्याचा मोठा भाग शेवटी कुस्तीच असतो. करमाळा तालुक्यातील बाला रफीक शेख यांनी २०१८ मध्ये आणि मोहोळच्या सिकंदर शेख यांनी २०२३ मध्ये महाराष्ट्र केसरीची गदा पटकावली, त्या जिल्ह्यातल्या पोरांना दुहेरी पट कसा निघतो हे कोणी समजावून सांगावे लागत नाही. पिंजऱ्यात एकाने खाली वाकून दुसऱ्याचे दोन्ही पाय कवळले की अमेरिकी समालोचकाच्या आधी इथल्या प्रेक्षकाला पुढचे दिसते.

देशात हा खेळ तसा नवाच. ११ मार्च २०१२ रोजी मुंबईत अंधेरीच्या क्रीडा संकुलात ‘सुपर फाइट लीग’ची पहिली लढतरात्र झाली, तेव्हा बरेच लोक नुसते कुतूहलाने गेले होते. महाराष्ट्राचा भरत खंडारे २५ नोव्हेंबर २०१७ रोजी शांघायमध्ये यूएफसीच्या पिंजऱ्यात उतरला. चीनच्या साँग यादाँगने पहिल्याच फेरीत त्याचा गळा आवळून लढत संपवली. जून २०२४ मध्ये उत्तर प्रदेशच्या पूजा तोमरने अमेरिकेत लुइव्हिल येथे यूएफसीची लढत जिंकली. असे करणारी ती पहिली भारतीय महिला. आता तर पुढची लढत कधी, हे शाळकरी मुलांनाही तोंडपाठ असते.

रविवारच्या लढतीआधी शुक्रवारी रात्री आणखी एक चित्रफीत सगळ्यांच्या मोबाइलवर फिरते, ती वजन करण्याची. खेळाडू काट्यावर चढतो, आकडा पुकारला जातो, दंड फुगवून दाखवले जातात. चाहते तेव्हा पाहतात ती नजर, गुर्मी, पोटावरचे स्नायू. वैद्यकीय डोळ्याला मात्र दुसरेच काही दिसते: खोल गेलेले डोळे, बसलेले गाल, फुटलेले ओठ, काट्यावर चढताना किंचित हललेला पाय. उलट्या-जुलाबांच्या रुग्णाचा चेहरा असाच असतो. फरक इतकाच, की या माणसाने आपल्या अंगातले पाणी ठरवून, वेळापत्रक लावून काढलेले असते.

साधारण ६६ किलोच्या गटात खेळणारा खेळाडू एरवी ६६ किलोचा नसतो. तो ७२ किंवा ७४ किलोचाही असू शकतो. काट्यावर एकदा ६६ दाखवायचे, मग पुढच्या चोवीस-तीस तासांत खाऊन-पिऊन पुन्हा भरायचे आणि पिंजऱ्यात आपल्यापेक्षा लहान माणसाशी लढायचे, असा हा हिशेब. समोरचाही तेच करून आलेला असतो, त्यामुळे फायदा बहुतेक वेळा शून्य. त्रास मात्र दोघांनाही.

शेवटच्या आठवड्यात आधी भात-पोळी आणि मीठ बंद होते. स्नायूंत साठवलेल्या प्रत्येक ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी बांधलेले असते. तो साठा संपला की तेही जाते. काही जण आधी दोन-तीन दिवस रोज सात-आठ लिटर पाणी पितात आणि मग एकदम थांबवतात. शरीराला भरपूर लघवी करायची सवय लागलेली असते, ती पाणी थांबल्यावरही काही तास सुरूच राहते. यात एक वेगळा धोका आहे: मीठ बंद आणि पाणी अती, यामुळे रक्तातले सोडियम घसरून झटके येऊ शकतात. शेवटच्या रात्री मग कढत पाण्याचे टब, वाफेची खोली, अंगावर प्लास्टिकचा पोशाख. एक लिटर घाम म्हणजे एक किलो. व्हेगासची ती गुरुवारची रात्र म्हणजे आपल्याकडचा शुक्रवारचा दिवस, आणि सगळ्या आठवड्यात सर्वांत जास्त जिवाचा धोका असतो तो त्या वेळी.

सत्तर किलोच्या पुरुषाच्या शरीरात चाळीसेक लिटर पाणी असते, पण रक्तातला पातळ भाग, म्हणजे प्लाझ्मा, जेमतेम तीन लिटर. घामाची झळ त्याला लवकर बसते. रक्ताचे आकारमान घटले की हृदयाच्या दर ठोक्याला कमी रक्त पुढे जाते, म्हणून ते ठोके वाढवते. मग शरीर त्वचेकडचे रक्त आखडते घेते. त्वचेकडचे रक्त आणि घाम हीच उष्णता बाहेर टाकण्याची वाट. ती अरुंद झाली की आतले तापमान चढू लागते. तिकडे मूत्रपिंडांना पुरेसे रक्त मिळत नाही, पोटॅशियमचा तोल बिघडतो आणि हृदयाची लय चुकण्याची शक्यता वाढते. तापलेले स्नायू फुटून त्यांतले घटक रक्तात उतरले तर लघवी काळ्या चहासारखी दिसते. हे मूत्रपिंड निकामी होत असल्याचे लक्षण असू शकते.

चीनचा यांग जियानबिंग डिसेंबर २०१५ मध्ये मनिलात वजन उतरवताना कोसळला आणि दगावला. वय २१. त्याची लढत व्हायची होती, झालीच नाही. त्याआधी १९९७ मध्ये अमेरिकेत ३३ दिवसांत तीन महाविद्यालयीन कुस्तीगीर असेच गेले. बंद, तापलेल्या जागेत, हवा न खेळणारा पोशाख घालून ते व्यायाम करत होते. नावाजलेल्यांनाही सूट नाही. पुढे विजेता ठरलेल्या खबीब नुरमागोमेदोवला मार्च २०१७ मध्ये वजन उतरवताना रुग्णालयात न्यावे लागले आणि जगभरचे चाहते वाट पाहत असलेली लढत आदल्या दिवशी रद्द झाली.

आपल्याकडे हे सगळ्यांना कळले ते ऑगस्ट २०२४ मध्ये. पॅरिसला विनेश फोगाटने एका दिवसात तीन कुस्त्या जिंकल्या, त्यात जपानच्या अपराजित युई सुसाकीवरचा विजयही होता. कुस्त्यांच्या मध्ये थोडे खाणे-पिणे झाले आणि वजन वाढले. रात्रभर व्यायाम, वाफ, पाणी बंद, शेवटी केसही कापले. सकाळी काटा ५० किलोंवर १०० ग्रॅम जास्त दाखवत होता. त्या दिवशी देशभर चर्चा झाली ती हुकलेल्या पदकाची. पाणी इतके कमी झाले होते की तिला सलाइन लावावे लागले, ही बातमी मात्र चार ओळींत संपली.

कुस्तीत वजन सामन्याच्या दिवशी सकाळी होते, एमएमएमध्ये आदल्या दिवशी. वरवर पाहता दुसरी पद्धत दयाळू वाटते, भरून काढायला वेळ मिळतो. प्रत्यक्षात वेळ जास्त म्हणून खेळाडू पाणीही जास्त काढतात. आणि भरपाई पुरी होतेच असे नाही. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात ४० एमएमए खेळाडू तपासले गेले. वजनानंतरच्या २२ तासांत त्यांनी सरासरी ३.४ किलो परत भरले होते, तरीही लढतीच्या तोंडावर ३९ टक्के खेळाडूंच्या शरीरात पाण्याची लक्षणीय कमतरता होती.

या अवस्थेत डोक्याला मार बसला तर? मेंदू आणि मज्जारज्जूभोवती सुमारे दीडशे मिलिलिटर द्रव असतो, तो गादीसारखे काम करतो. पाणी घटल्यावर मेंदूचे आकारमान थोडे कमी होते, हे एमआरआयवर दिसले आहे. अशा मेंदूला ठोसा अधिक बाधतो, असा संशोधकांचा संशय आहे, पण तो अजून पक्का सिद्ध झालेला नाही. दमलेला, पाणी उतरलेला खेळाडू हात खाली सोडतो आणि जास्त ठोसे खातो, हे समजायला मात्र एमआरआय लागत नाही. तिसऱ्या फेरीत एखाद्याचा ‘दम संपला’ असे आपण म्हणतो, तेव्हा तो अनेकदा शुक्रवारीच संपलेला असतो.

नियम बदलत आहेत, हळूहळू. यांगच्या मृत्यूनंतर ‘वन चॅम्पियनशिप’ने पाणी काढून वजन उतरवण्यावर बंदी घातली आणि लघवीची घनता तपासायला सुरुवात केली. यूएफसीत २०१५ च्या ऑक्टोबरमध्ये सलाइन लावून भरपाई करण्याला मनाई करण्यात आली होती. पळवाटाही शोधल्या जातात. एप्रिल २०१७ मध्ये डॅनियल कॉर्मियरचे वजन २०६.२ पौंड भरले. काही मिनिटांत तो परत आला, समोर धरलेल्या टॉवेलवर हात टेकले आणि काटा थेट २०५ वर आला. चाहते अजून तो प्रसंग हसत हसत सांगतात. हसण्यासारखा आहेच, पण अधिकृत काट्यावर एवढे चालून जात असेल तर बाकी तपासण्या कशा होत असतील, हा प्रश्न उरतो.

सोलापूरसाठी हा विषय केवळ टीव्हीवरचा नाही. जिल्हा पातळीवरच्या शालेय कुस्तीत, बॉक्सिंगमध्ये, किकबॉक्सिंगमध्ये वजनगट असतात, आणि व्हेगासची युक्ती चित्रफितीतून दहावी-अकरावीच्या मुलापर्यंत पोहोचते. पूर्वी यात्रेच्या फडात पंच नजरेने जोड लावत. काटाच नव्हता, त्यामुळे त्याला फसवायची गरजही नव्हती. आता मुलगा रेनकोट घालून पळतो, दोन दिवस पाण्याला शिवत नाही, कोणीतरी सांगितले म्हणून औषधाच्या दुकानातून ‘लघवीची गोळी’ आणतो. ही गोळी हृदयाच्या आणि मूत्रपिंडाच्या रुग्णांसाठी असते, पोटॅशियम खाली खेचते आणि खेळात ती उत्तेजकांइतकीच प्रतिबंधित आहे. स्पर्धेच्या सकाळी मग जवळच्या दवाखान्यात जाऊन ‘अशक्तपणा आलाय, एक सलाइन लावा’ अशी मागणी होते.

यात आपल्या उन्हाची भर. एप्रिल-मेमध्ये सोलापूरचा पारा चाळिशी ओलांडतो. घाम अंगावरून उडून जातो तेव्हाच अंग थंड होते. प्लास्टिकच्या आत घाम साचतो, उडत नाही. व्हेगासमध्ये ज्या उष्णतेसाठी वाफेची खोली भाड्याने घेतात, ती इथे पत्र्याच्या छताखालच्या जिममध्ये दुपारी फुकट मिळते. शिवाय तिथल्या खेळाडूजवळ निदान प्रशिक्षक आणि डॉक्टर उभे असतात. इथला मुलगा बहुतेक वेळा एकटाच असतो, आणि घरी सांगितलेलेही नसते.

वजन कमी करायचेच असेल तर ते चरबीचे, आठवड्याला अर्धा किलो, फार तर एक किलो, म्हणजे स्पर्धेच्या दोन-तीन महिने आधीपासून. सकाळची पहिली लघवी फिकट पिवळी असावी. गडद झाली तर आदल्या दिवशी पाणी कमी पडले. सरावाच्या आधी आणि नंतर वजन करावे, जेवढे घटले तेवढे पाणी त्याच दिवशी परत गेले पाहिजे. जलसंजीवनीचे पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ पुरते, चमचा चहाचा. अठरा वर्षांखालच्या मुलाने पाणी तोडून वजन उतरवणे कोणत्याही कारणाने मान्य करता येत नाही. त्याची उंची वाढत असते, त्याने वरच्या गटात खेळावे. त्यात कमीपणा नाही. ॲलेक्स परेराने ८४ किलोचा गट सोडला आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये ९३ किलोच्या गटाचा पट्टा जिंकला.

सरावात कोणी असंबद्ध बोलू लागला, तोल जाऊ लागला, उलट्या झाल्या, झटका आला किंवा बेशुद्ध पडला, तर तो उष्माघात समजावा. घाम येतोय म्हणून गाफील राहू नये. व्यायामातल्या उष्माघातात घाम सुरूही असतो. आधी थंड करायचे, मग हलवायचे. कपडे आणि प्लास्टिक काढून मिळेल त्या थंड पाण्यात बसवावे, डोके वर धरून. हौद नसेल तर ओल्या चादरी, पंखा, काखेत आणि जांघेत बर्फ. शुद्ध नसेल तर तोंडातून पाणी घालू नये. कोणीतरी १०८ ला फोन करावा. आणि रुग्णालयात पोहोचल्यावर डॉक्टरांना खरे सांगावे: किती दिवस पाणी तोडले, कोणती गोळी घेतली, किती घेतल्या. रिकामी पट्टी खिशात असेल तर ती दाखवावी. मित्र ओरडा बसेल म्हणून गप्प राहतात आणि त्यात पोटॅशियम तपासायचा पहिला अर्धा तास जातो.