सांगणाऱ्याचे नाव

कोपऱ्यावरच्या पानवाल्याने फौजदाराच्या कानावर एखाद्या गुन्ह्याची बातमी घातली, तर ‘ही बातमी तुम्हाला कोणी दिली?’ या प्रश्नाचे उत्तर देण्याची सक्ती न्यायालयसुद्धा त्या फौजदारावर करू शकत नाही. १८७२च्या भारतीय पुरावा कायद्याच्या १२५व्या कलमात ही तरतूद होती. १ जुलै २०२४पासून तो कायदा जाऊन भारतीय साक्ष्य अधिनियम आला आणि तीच तरतूद तिथे १३१व्या कलमात जाऊन बसली. दीडशे वर्षांत तिच्या गाभ्याला कोणी हात लावलेला नाही, आणि मला त्यात वावगे वाटत नाही. खबऱ्याचे नाव फुटले तर त्याचा जीव जाऊ शकतो, आणि एकाचे फुटले की पुढचे दहा तोंड उघडत नाहीत.

फौजदारी खटल्यात या गुप्ततेने आरोपीचे फारसे बिघडतही नाही. तिथे खबर म्हणजे नुसते दिशा दाखवणारे बोट. त्या दिशेने जाऊन पोलिसांना पुरावा गोळा करावा लागतो, साक्षीदार पिंजऱ्यात उभा करावा लागतो, आणि आरोपीचा वकील त्याची उलटतपासणी घेऊ शकतो. खबर कुठून आली हे झाकलेले राहिले तरी शिक्षा होते ती उघड्यावर तपासलेल्या पुराव्यावर.

अडचण सुरू होते ती खबर हाच निर्णयाचा आधार होतो तेव्हा. आपल्याकडे त्याचे सर्वांत परिचित उदाहरण म्हणजे तडीपारी. सरकारी कागदात तिला ‘हद्दपारी’ म्हणतात. १९५१च्या महाराष्ट्र पोलीस अधिनियमातले (तेव्हाचा मुंबई पोलीस अधिनियम) ५६वे कलम सांगते की एखाद्याच्या हालचालींमुळे लोकांच्या जिवाला किंवा मालमत्तेला धोका वाटत असेल, किंवा तो बळजबरीचे व हिंसेचे गुन्हे करतो आहे असे मानायला वाजवी कारण असेल आणि भीतीपोटी त्याच्याविरुद्ध उघड साक्ष द्यायला कोणी धजत नसेल, तर त्याला त्या भागातून निघून जाण्याचा आदेश देता येतो. आदेश काढतो पोलीस अधिकारी किंवा दंडाधिकारी. मुदत जास्तीत जास्त दोन वर्षे. खटला नाही, दोषसिद्धी नाही.

या प्रकरणांच्या फायलींत ‘गोपनीय साक्षीदार अ’ आणि ‘गोपनीय साक्षीदार ब’ यांचे जबाब असतात. ज्याच्याविरुद्ध ते दिलेले असतात त्याला नोटीस मिळते, पण ५९व्या कलमाप्रमाणे त्या नोटिशीत आरोपांचे ‘सर्वसाधारण स्वरूप’ तेवढे कळवायचे असते. त्याला खुलासा करता येतो, वकील देता येतो, आपले साक्षीदार आणता येतात. ‘अ’ला मात्र एकही प्रश्न विचारता येत नाही. अमुक महिन्यात, अमुक पेठेत, एका दुकानदाराला धमकावले, एवढ्यावर उत्तर द्यायचे. मी अशा नोटिशी वाचतो तेव्हा एकच विचार येतो. ज्याने खरोखर धमकावले असेल त्याला तो दुकानदार कोण हे नोटीस न वाचताही ठाऊक असते. गुप्तता पुरती अंधारात ठेवते ती न धमकावलेल्याला.

हा आक्षेप सर्वोच्च न्यायालयापुढे राज्यघटना नवी असतानाच गेला. गुरबचन सिंग प्रकरणात, १९५२ साली, बृहन्मुंबई सोडून अमृतसरला जाण्याचा आदेश मिळालेल्या माणसाने मुंबई शहराच्या जुन्या पोलीस कायद्यातल्या अशाच तरतुदीला आव्हान दिले. न्यायालयाने तरतूद उचलून धरली. साक्षीदार घाबरतात म्हणूनच हा कायदा आहे, त्यांना उलटतपासणीला उभे केले तर त्याचा हेतूच बुडेल, असा त्याचा आशय. वीस वर्षांनी पंढरीनाथ रांगणेकर प्रकरणात न्यायमूर्ती यशवंत चंद्रचूड यांनीही तोच धागा पुढे नेला: सविस्तर तपशील दिला तर त्यावरून साक्षीदार ओळखू येईल, म्हणून सर्वसाधारण स्वरूप पुरे. तर्क बिनतोड आहे. फक्त तो एक गोष्ट गृहीत धरतो, की ‘अ’ नावाचा घाबरलेला माणूस खरोखर आहे.

ते गृहीतक किती ठिसूळ असू शकते हे १९८०च्या प्रेमचंद प्रकरणात दिसले. हे प्रकरण दिल्लीचे. दिल्ली पोलीस कायद्यातही तडीपारीची अशीच तरतूद आहे. प्रेमचंद हा थंड पाणी विकून पोट भरणारा माणूस, ओळखला जाई तोही ‘पाणीवाला’ म्हणूनच. रस्त्यावरचा धंदा पोलिसांच्या मर्जीवर चालायचा, त्यामुळे पोलीस म्हणतील त्या खटल्यात तो पंच किंवा साक्षीदार म्हणून उभा राहायचा. असे सुमारे ३००० खटले झाले, असे त्याचे म्हणणे होते. पुढे वय झाले, मन विटले, त्याने नकार द्यायला सुरुवात केली. आणि मग त्याच्याच हातात तडीपारीची नोटीस पडली. ज्याच्या शब्दावर इतरांना धोकादायक ठरवले जात होते, तो स्वतःच एका सकाळी समाजाला धोकादायक ठरला!

न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी हे निकालपत्र लिहिले. पोलिसांनी कारवाई पुढे न नेण्याची हमी दिली, त्यामुळे प्रेमचंद सुटला. निकाल मात्र तिथे थांबला नाही. तडीपारी करायची तर धोका स्पष्ट आणि आत्ताचा हवा, आणि त्याला आधार देणारी सामग्री विश्वासार्ह हवी, असे त्यात सांगितले. ‘विश्वासार्ह’ हा शब्द मला महत्त्वाचा वाटतो. नाव झाका, पण झाकण्याआधी ते कोणीतरी पारखलेले असले पाहिजे, असा त्याचा अर्थ होतो.

महाराष्ट्रापुरते याचे सर्वांत स्वच्छ प्रतिपादन २८ जानेवारी २०२२च्या दीपक डोंगरे प्रकरणात आहे. जालना जिल्ह्यातून दोन वर्षांसाठी तडीपार केल्याचा तो आदेश. त्यात २०१३ आणि २०१८ सालच्या गुन्ह्यांचा आधार घेतला होता, शिवाय ‘अ’ आणि ‘ब’ यांचे गोपनीय जबाब होते. न्यायमूर्ती अभय ओक यांनी आदेश रद्द केला. जुन्या गुन्ह्यांचा आजच्या धोक्याशी जिवंत संबंध नाही. कमाल मुदत का लावली याचे कारण दिलेले नाही. आणि साक्षीदार भीतीमुळे पुढे येत नाहीत असे समाधान अधिकाऱ्याने स्वतः, समोरच्या सामग्रीवरून, करून घेतलेच पाहिजे, ते झाल्याशिवाय त्या खंडाखालचा आदेश वैध होत नाही. तडीपारी माणसाला त्याच्या घरापासून, कुटुंबापासून तोडते आणि प्रसंगी त्याची रोजीरोटीही हिरावते, याची नोंद निकालाने घेतली.

मूळ कायद्याकडे परत गेले की लक्षात येते की ही कसोटी बाहेरून आणलेली नाही. ६१वे कलम तडीपारीचा आदेश जवळजवळ अंतिम करते, पण त्याला आव्हान देण्याची मोजकी कारणेही देते. त्यांपैकी एक असे, की साक्षीदार पुढे यायला तयार नाहीत असे अधिकाऱ्याचे मत झालेलेच नव्हते. ज्यांनी सांगणाऱ्याचे नाव झाकले त्यांनीच ही फट ठेवली आहे.

पोलीस ठाण्यातल्या ‘हिस्ट्रीशीट’ची गोष्ट याच्या शेजारची. १९८०च्या मलक सिंग निकालाने पाळतीची वही गोपनीय मानली आणि नाव चढवण्यापूर्वी त्या माणसाला ऐकून घेण्याची गरज नाही असे म्हटले, पण वाजवी आधाराशिवाय आणि यांत्रिकपणे नाव चढवता येणार नाही असेही बजावले. मे २०२४मध्ये दिल्लीच्या एका आमदाराच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने आपणहून सर्व राज्यांना या नोंदींकडे पाहायला सांगितले. मागास समाजातल्या निरपराध माणसांची नावे निव्वळ पूर्वग्रहाने तिथे येतात, हा त्यामागचा विचार. महाराष्ट्रात हे कळायला निकाल लागत नाही. १८७१च्या कायद्याने जमातीच्या जमाती गुन्हेगार ठरवल्या, सोलापुरात तारेच्या कुंपणामागे सेटलमेंट वसवली, आणि कायदा १९५२मध्ये गेल्यावरही कुठे चोरी झाली की पोलिसांचा मोर्चा आधी पारध्यांच्या पालांकडे वळत राहिला. त्यांच्याबाबतीत तर सांगणारा ‘अ’सुद्धा लागत नव्हता.

तडीपारीची नोटीस हाती आलेल्या माणसाला कोणाचे नाव मागून मिळणार नाही. पण जबाब कधी नोंदवले, ते वरिष्ठांपैकी कोणी पडताळले का, साक्षीदारांना भीती वाटते हे कोणत्या कागदावरून ठरवले, हे प्रश्न तो खुलाशात मांडू शकतो. आदेश झालाच तर ६०व्या कलमाखाली राज्य शासनाकडे अपील आहे, आणि त्यासाठी दिवस मिळतात तीस.