‘तुरळक ठिकाणी’ म्हणजे नेमके कुठे?

जुलैमधील सकाळ. ठाणे जिल्ह्याला नारिंगी इशारा दिल्याची बातमी येते आणि सानपाड्यातील शाळांत पालकांची विचारणा सुरू होते. दुपारी लख्ख ऊन पडले, की तेच पालक म्हणतात, ‘वेधशाळेचे नेहमी असेच!’ मुलेही हे ऐकतात. पण अंदाज चुकला, की आपण तो चुकीचा वाचला? हे ठरवायचे तर अंदाज कसा तयार होतो ते पाहायला हवे.

भारतीय हवामान विभागाची (स्थापना १८७५) देशात सहा प्रादेशिक केंद्रे आहेत. त्यांपैकी एक मुंबईत कुलाब्याला आहे. ठाणे जिल्हा त्याच्याच कार्यक्षेत्रात येतो. उपग्रहांची छायाचित्रे, रडार, हवेत सोडलेले फुगे आणि जमिनीवरील वेधशाळा यांच्या नोंदी येथे जमतात. संगणकीय प्रारूपांची उत्तरेही येतात. या सर्वांचा मेळ घालून जिल्हावार अंदाज देणे हे केंद्राचे काम. ढग दिसू लागले, की पुढील तीन तासांचा तातडीचा इशाराही दिला जातो.

प्रारूपात वातावरणाच्या चौकटी पाडलेल्या असतात. एकेक चौकट काही किलोमीटर रुंद असते. अख्खे सानपाडा तिच्यात सहज मावते. त्यामुळे अंदाज आपल्या गल्लीचा नव्हे, जिल्ह्याचा असतो. ‘तुरळक ठिकाणी’ म्हणजे जिल्ह्यातील पर्जन्यमापन केंद्रांपैकी जास्तीत जास्त २५ टक्के केंद्रांवर. ‘काही ठिकाणी’ म्हणजे २६ ते ५० टक्के. ‘मुसळधार’लाही माप आहे : २४ तासांत ६४.५ ते ११५.५ मि.मी. त्यापुढे २०४.४ मि.मी.पर्यंत ‘अति मुसळधार’.

म्हणजे ‘तुरळक ठिकाणी मुसळधार’ असे सांगितले असता सानपाडा कोरडे राहिले आणि शहापूरला ९० मि.मी. पडले, तर अंदाज बरोबरच होता.

पाऊस किती विषम पडतो, हे २६ जुलै २००५ ने दाखवले. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मि.मी. पाऊस झाला, वीस-पंचवीस किलोमीटरवरील कुलाब्याला ७५ मि.मी.हूनही कमी! एकाच शहरात ही तफावत असेल, तर जिल्ह्याची काय कथा?

रंगांचेही असेच. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे सज्ज राहा, लाल म्हणजे कृती करा. सुट्टी मात्र वेधशाळा देत नाही. तो निर्णय प्रशासनाचा. स्थानिक धोका स्थानिकांनीच ओळखायचा असतो. नवी मुंबईचा खाडीकाठचा बराच भाग भरतीच्या पातळीखाली आहे. पावसाचे पाणी धारण तलावांत साठते आणि ओहोटीला खाडीत जाते. मोठी भरती आणि मुसळधार पाऊस एकाच वेळी आले, तर तेवढाच पाऊस अधिक त्रासदायक ठरतो. म्हणून इशाऱ्याशेजारी भरतीची वेळही फळ्यावर लिहावी.

शेवटी एक प्रयोग. सरळ उभ्या कडांचे, सपाट तळाचे भांडे मोकळ्या जागी ठेवा. रोज सकाळी ८.३० वाजता पट्टीने पाण्याची खोली मिलिमीटरमध्ये मोजा आणि भांडे रिकामे करा. वेधशाळाही २४ तासांचा पाऊस याच वेळी मोजते. शेजारच्या रकान्यात आदल्या दिवशीचा अंदाज लिहा. एक मि.मी. पाऊस म्हणजे दर चौरस मीटरला एक लिटर पाणी. यावरून शाळेच्या गच्चीवर किती पाणी पडले, हे गणितही होईल. दोन-चार शाळांनी मिळून नोंदी ठेवल्या, तर ‘तुरळक ठिकाणी’चा अर्थ मुलांना वेगळा सांगावा लागणार नाही.